आचाऱ्याला

दांडिया बाजारात, टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत
(क्लास बंद पडला, पाटी अजून आहे)
झंखना चित्रं काढते, मी संवाद लिहिते,
आणि तीन आठवडे गोष्ट जागची हललेली नाही
कारण इंजिन ठरत नाही.

इंजिन म्हणजे काय गं, बाबांनी विचारलं.
चूल, म्हटलं. भाजी आपलीच,
पण गॅसवर, भट्टीवर की लाकडावर.
मग पानं किती ते आधी सांग, म्हणाले.
हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

पहिलं फुकट.
नाटकासारखं लिहायचं, नाव, मग वाक्य,
डावीकडे मोजून जागा सोडायची,
एक जागा चुकली की ओळ दोनशे बारा, लाल.

दुसऱ्यात नुसत्या चौकटी.
एकीतून दुसरीत दोरे ओढत न्यायचे.
झंखना खूश. उत्तरायणातली गच्ची आहे ही, म्हणाली,
सगळ्यांचे मांजे सगळ्यांत.
पण भाडं दरमहा, आणि डॉलरमध्ये.

तिसरं उतरवायला एक रात्र गेली.
त्यात डोंगर करता येतात, हलणारं पाणी, सरकणारी सावली.
आम्हाला हवा होता एक मांडव, एक पातेलं
आणि त्याच्यामागे गप्प उभा असलेला माणूस.
लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला,
शेजारच्या काकींनी दार वाजवलं.
तेही गेलं.

गोष्ट एवढीच:
ऐंशी पानांचं लग्न, आले दोनशे, आमटी संपत आलेली.
खेळणाऱ्यापुढे दोन पर्याय.
पाणी वाढव.
जाऊन खरं सांग.
पुढे अकरा शेवट, त्यांतले नऊ वाईट.

पहिल्या इंजिनात पहिलं वाक्य टाकलं:
आचाऱ्याला बोलवा.
पडद्यावर उमटलं:
आचार्याला बोलवा.
र आणि य यांच्यामधली ती विळीएवढी कोर
उडून डोक्यावर जाऊन बसली, रफार होऊन.
दुसऱ्यात तर ‘मिठा’ची वेलांटी
रिकाम्या ठिपक्यांच्या गोलाजवळ एकटीच,
पंगतीत चुकून परक्या पाटावर बसल्यासारखी.

शुं फरक पडे, झंखना म्हणाली.
तिला दाखवलं: एक पाटावर बसतो,
एक चुलीपुढे.

बाबांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा.
मग हसले.
गुजराती मांडवात मी महाराज,
मराठी मांडवात आचारी,
तुझ्या यंत्राने आचार्य केला.
असू दे की. मिळालेली बढती परत करू नये.

मी परत केली.
चार टंक बदलले, कुठलीशी एक खूण चालू केली,
रात्री अडीचला ती कोर खाली उतरली
आणि र-च्या कुशीत निमूट आडवी झाली.
ठरलं. पहिलंच. फुकटचं.
दोनशे बारा ओळीसकट.

बाबांच्या फोनवर चढवलं,
तडा गेलेल्या काचेच्या, हळदीचा डाग असलेल्या.
चाललं.
त्यांनी पाणी वाढव निवडलं, जराही न थांबता.
वाईट शेवट. वरमाईचा चेहरा,
झंखनाने फार चांगला काढलाय तो.

या इंजिनात मागे जाता येतं,
बोट सरकवलं की बोललेलं वाक्य परत गिळलं जातं.
बाबा मागे गेले.
मला वाटलं पर्यायापाशी थांबतील, दुसरा निवडतील.
नाही थांबले.
पाहुणे मागे गेले, वाजंत्री मागे, पाट उचलले गेले,
आमटीखालचा जाळ विझला,
आणि पहाटेचा रिकामा मांडव आला, नुसत्या कनाती.

तिथे बोट उचललं.
इथे जरा बसता येतं का, विचारलं.

तिथे मी पर्यायच ठेवलेला नव्हता.
काही बोलले नाही, लॅपटॉप ओढला,
डावीकडे मोजून जागा सोडली.
झंखना आधीच कनातीशेजारी
एक खुर्ची काढत होती,
लाल, प्लास्टिकची, एक हात तुटलेली.